औषधाचा गुण की वेळेचा गुण? जनावरांच्या औषधाचा पुरावा कसा पारखावा



बैल विकत घ्यायचा म्हटला की आपण काय काय पाहतो? दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, जमल्यास औताला जुंपून पाहतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी नुसत्या बोलण्यावर आपण बैल घेत नाही. पण त्याच बैलाला उद्या दुखणे आले आणि कोणी सांगितले, "हे औषध द्या, हमखास गुण येतो," तर आपण काही न विचारता पैसे काढून देतो. औषधाचेही दात पाहता येतात. ते कसे पाहावेत एवढेच या पत्रकात सांगायचे आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी पशुवैद्य नाही. मी कृषी पदवीधर असून विस्ताराचे काम करतो. तेव्हा कोणत्या रोगाला कोणते औषध द्यावे हे मी सांगणार नाही. ते काम तुमच्या दवाखान्यातील डॉक्टरांचे. परंतु "अमुक केल्याने गुण येतो" या म्हणण्यात वजन किती, हे तपासण्याची रीत पिकाला आणि जनावराला एकच आहे. ती रीत मला महाविद्यालयात शिकवली होती. शिकवलेली असूनही मी एकदा चुकलो. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे सगळे ध्यानात राहील.

माझी चूक

२०२२ सालचा पावसाळा आठवा. लम्पी चर्मरोग जळगाव जिल्ह्याकडून बघता बघता राज्यभर पसरला. अंगावर गाठी, ताप, पायांना सूज. गुरांचे बाजार बंद झाले. निरोगी जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याचे काम दिवसरात्र चालू होते आणि दवाखान्यातील मंडळींना श्वास घ्यायला सवड नव्हती. अशा वेळी एक विक्रेता आमच्या भागात पावडरीची पाकिटे घेऊन आला. म्हणाला, "वीस आजारी जनावरांना दिली, एकोणीस बरी झाली." त्यांतील चार जनावरे मी स्वतः जाऊन पाहिली. चारही उभी राहून रवंथ करीत होती. मला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी गावच्या बैठकीत मी बोलून गेलो, "पावडर चांगली दिसते."

त्या बैठकीत एक वयस्कर शेतकरी होते. आपण त्यांना आबा म्हणू. त्यांच्याकडे एक गाय आणि एक कालवड. आठवड्याने कालवडीला गाठी आल्या. आबांनी पावडर आणली आणि चार दिवस दिली. दवाखान्यात कळवले नाही. पाचव्या दिवशी कालवड खाली बसली. मग डॉक्टर आले, सलाईन लावले, सगळे केले; पण सातव्या दिवशी ती गेली. मी भेटायला गेलो तेव्हा आबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही चांगली म्हणालात म्हणून थांबलो."

डॉक्टर पहिल्या दिवशी आले असते तर कालवड वाचली असती काय? मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका जनावरावरून ते ठरत नाही. परंतु त्याच न्यायाने, त्या एकोणीस जनावरांवरून पावडरीचा गुणही ठरत नव्हता. हे मला बैठकीत तोंड उघडण्यापूर्वी कळायला हवे होते.

असे पाहा. लम्पीत मरतुक बहुधा दहा टक्क्यांच्या आत राहते. वासरांना धोका अधिक, पण बहुतेक मोठी जनावरे चारा-पाणी, जखमांची निगा आणि विश्रांती यांवर बरी होतात. म्हणजे पावडर न देताही वीसपैकी अठरा-एकोणीस जनावरे उठून उभी राहणारच होती. विक्रेत्याचा आकडा खोटा नव्हता. पण तो आकडा पावडरीचा नव्हता, रोगाच्या स्वभावाचा होता.

पहिला प्रश्न : न दिलेली जनावरे कुठे आहेत?

आपण शेतावर खताचे प्रात्यक्षिक घेतो तेव्हा एक वाफा खत न देता का सोडतो? त्या वाफ्यातले पीक पाहिल्याशिवाय खताने किती वाढले हे कळणार कसे? पाऊस चांगला झाला तर सगळेच पीक चांगले येते. मग खताचा माणूस म्हणतो, "बघा आमच्या खताची कमाल." शेजारचा बिनखताचा वाफा त्याला उत्तर देतो. जनावरांच्या औषधातही असा "बिनखताचा वाफा" लागतो. त्याला तुलना गट म्हणतात.

दुधाचेच उदाहरण घ्या. गाय व्यायली. दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही दूधवाढीची पावडर सुरू केली. महिन्याभरात दूध दोन लिटरने वाढले. पावडरीचा गुण? थांबा. व्यायल्यानंतर साधारण सहा-आठ आठवड्यांपर्यंत गाईचे दूध आपले आपणच चढत जाते आणि नंतर उतरू लागते. म्हणजे पावडर दिली नसती तरी दूध वाढले असते. किती वाढले असते? ते त्याच सुमारास व्यायलेल्या, तोच चारा खाणाऱ्या, पण पावडर न दिलेल्या गाईच सांगतील.

दुसरी गंमत अशी, की आपण औषध आणतो कधी? जनावर अगदी वाईट अवस्थेत असेल तेव्हा. दुखणे चढून शिगेला पोचले की त्यानंतर बहुधा उतारच असतो. त्या उताराच्या तोंडावर जो कोणी आला, मग तो डॉक्टर असो, वैदू असो की विक्रेता असो, श्रेय त्याच्या पदरात पडते.

तुलनेचा एक मोठा जुना प्रयोग जनावरांवरच झालेला आहे. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी काळपुळी, म्हणजे आपल्याकडे जिला फाशी म्हणतात, त्या रोगावर लस तयार केली. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८८१ साली पुयी-ल-फोर नावाच्या गावातील शेतावर सर्वांसमक्ष प्रयोग करण्याचे ठरले. २४ मेंढ्या आणि १ शेळी यांना मे महिन्यात दोनदा लस टोचली. तितक्याच दुसऱ्या मेंढ्या आणि एक शेळी यांना टोचली नाही. काही गाईबैलही दोन्हीकडे होते. मग ३१ मे रोजी दोन्ही गटांना सारखेच जिवंत रोगजंतू टोचले. काय होईल हे पाश्चर यांनी आधीच जाहीर करून टाकले होते. २ जूनला लोक जमले, तेव्हा लस टोचलेल्या मेंढ्या चरत होत्या. न टोचलेल्यांपैकी बहुतेक मरून पडल्या होत्या आणि उरलेल्या डोळ्यांदेखत मेल्या. टोचलेल्यांतली एक गाभण मेंढी मागाहून दगावली, तिच्या पोटातले पिल्लू आधीच मेलेले आढळले.

या प्रयोगात जोर कशाचा होता? समजा पाश्चर यांनी फक्त लस टोचलेल्या २५ जनावरांना दाखवले असते, तर कोणीही म्हणाले असते, "रोगजंतूच मेलेले असतील." शेजारी न टोचलेल्या मेंढ्या मेल्या, म्हणून टोचलेल्या वाचल्या याला अर्थ आला.

या गोष्टीला एक दुसरी बाजूही आहे. शंभराहून अधिक वर्षांनी, १९९५ मध्ये, जेराल्ड गायसन या इतिहासकाराने पाश्चर यांच्या वह्या तपासून दाखवले, की लस ज्या रीतीने सौम्य केली असा लोकांचा समज होता त्या रीतीने ती केलेली नव्हती. सहकाऱ्याची वेगळी, रसायनाची रीत वापरली होती. प्रयोग खरा, पण सांगणे पुरते नाही. म्हणून नुसता निकाल ऐकून भागत नाही. नेमके काय दिले, किती दिले, कसे दिले हेही उघड सांगितलेले असावे लागते. तरच दुसरा कोणी तो प्रयोग पुन्हा करून पाहू शकतो.

दुसरा प्रश्न : जनावरांची वाटणी कोणी केली?

दोन गट आहेत एवढ्याने भागत नाही. समजा एखाद्या गावात महागडे टॉनिक देणाऱ्या गोठ्यांत जनावरे कमी आजारी पडतात, न देणाऱ्या गोठ्यांत जास्त. टॉनिक चांगले? जरा आजूबाजूला पाहा. ज्याला टॉनिक परवडते त्याच्याकडे पेंडही असते, हिरवा चाराही असतो, गोठ्यात फरशीही असते. मग गुण कशाचा मानायचा? टॉनिकचा, पेंडीचा की फरशीचा?

गडी माणसाला सांगितले, "दहातल्या पाच शेळ्यांना औषध दे," तर तो हाताला लवकर सापडतील त्या पाच धरील. हाताला सापडणाऱ्या बहुधा गरीब किंवा अशक्त असतात. किंवा मालकाचा जीव जिच्यावर, तिला आधी औषध मिळेल. दोन्हीकडून तुलना वाकडी होते. यावर उपाय सोपा आहे आणि आपल्या ओळखीचा आहे : चिठ्ठ्या टाकणे. प्रत्येक जनावराचा बिल्ला क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या घोळायच्या, निम्म्या उचलायच्या. चिठ्ठीला आवडनिवड नसते. चांगल्या संशोधनात जनावरे अशीच वाटतात. म्हणून कोणी प्रयोगाचा दाखला दिला तर विचारा, "वाटणी चिठ्ठीने केली की मर्जीने?"

तिसरा प्रश्न : पाहणाऱ्याला माहीत होते काय?

आपला स्वभाव असा की पैसे मोजले म्हणजे गुण दिसू लागतो. जनावर बोलत नाही. त्याच्या वतीने आपणच बोलतो. "आज जरा तरतरीत वाटते," हे आपल्या मनातले असते, कधी कधी जनावरातले नसते.

ही नुसती कल्पना नव्हे. अमेरिकेत सांधेदुखीने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांची माहिती पशुवैद्यांनी तपासली आणि ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. या कुत्र्यांना एका प्रयोगात दिसायला औषधासारखे, पण आत काही नसलेले खोटे औषध दिलेले होते. कुत्रे पाय जमिनीवर किती जोराने टेकते हे यंत्राने मोजले होते. यंत्रावर सुधारणा दिसत नव्हती अशा वेळीही कित्येक मालकांनी "बरे चालतो" असे सांगितले. मालकांचे सोडा, तपासणाऱ्या पशुवैद्यांनाही तसेच वाटले. कोणी खोटे बोलत नव्हते. सर्वांना गुण यावा असे वाटत होते, एवढेच.

म्हणून चांगल्या प्रयोगात तुलना गटाला तसेच दिसणारे खोटे औषध देतात आणि कोणाला खरे दिले, कोणाला खोटे, हे मालकाला व तपासणाऱ्याला शेवटपर्यंत कळू देत नाहीत. शिवाय "तरतरीत वाटणे" न मोजता लिटर, किलो, तापाचा अंश, मेलेली आणि जगलेली जनावरे असे काहीतरी मोजतात, आणि काय मोजायचे ते आधी ठरवतात.

आता हे तिन्ही प्रश्न ज्यात सांभाळले होते असा एक प्रयोग पाहू. तो नॉर्वे देशातला असून २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. विषय आपल्या रोजच्या काळजीचा : कासदाह, म्हणजेच दगडी. ५७ गाई घेतल्या. चिठ्ठीच्या पद्धतीने तीन गट केले. एका गटाला होमिओपॅथीचे औषध, एकाला प्रतिजैविक आणि एकाला खोटे औषध. होमिओपॅथीच्या गटातील सुमारे दोन तृतीयांश गाई सात दिवसांत सुधारल्या. नुसते एवढेच छापले असते तर जाहिरातीला पुरले असते : "तीनपैकी दोन गाई आठवड्यात बऱ्या!" पण खोट्या औषधाच्या गटातही सुमारे दोन तृतीयांश गाईच सुधारल्या. होमिओपॅथीचा गुण खोट्या औषधाहून अधिक आहे असे प्रयोगात दिसून आले नाही.

यावरून दगडी झाली तर स्वस्थ बसा, असा अर्थ कोणीही काढू नये. उरलेल्या तिसऱ्या गाईचे काय? सड कायमचा जाऊ शकतो. ताप चढून गाय खाली बसली तर जीवही जाऊ शकतो. दुधात गुठळ्या, रक्त किंवा पाणी दिसले, कास गरम व कडक लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. या प्रयोगाचा बोध एवढाच, की "दिले आणि बरी झाली" या वाक्यात "म्हणून" हा शब्द आपण आपल्या पदरचा घालतो.

चौथा प्रश्न : जनावरे किती होती, आणि गप्प बसलेले गोठे किती?

नॉर्वेतील ५७ गाई तीन गटांत वाटल्या म्हणजे एका गटात वीसच्या आसपास आल्या. एवढ्यांत मोठा फरक दिसतो, लहान फरक निसटून जातो. म्हणून एकाच प्रयोगावर कायमचा निकाल देऊ नये. मग दोन-तीन जनावरांवर निकाल देणाऱ्यांचे काय म्हणावे?

एक हिशोब करू. समजा एक दुखणे असे आहे की निम्मी जनावरे आपोआप बरी होतात. एक निरुपयोगी औषध आठ गोठ्यांत दिले, प्रत्येक गोठ्यात तीन आजारी जनावरांना. नाणे तीनदा उडवले तर आठांत एकदा तिन्ही वेळा छाप पडतो. तसेच या आठ गोठ्यांपैकी सरासरीने एका गोठ्यात तिन्ही जनावरे बरी होतील, तीही औषधाने नव्हे, योगायोगाने. तो मालक शपथेवर सांगेल, "तिन्हीच्या तिन्ही उठली!" विक्रेता त्याचाच फोटो पत्रकावर छापील. उरलेले सात गोठे गप्प बसतील. त्यांना कोण विचारतो?

संशोधनातही हे घडते. गुण आलेले प्रयोग छापून येतात, न आलेले कपाटात राहतात. त्यासाठी जाणकार मंडळी एका विषयावरचे सर्व चांगले प्रयोग शोधून, एकत्र मांडून, मगच निष्कर्ष काढतात. तुम्हीही एवढे विचारा, "हे आणखी कुठे करून पाहिले काय? ज्याचे औषध आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी केले काय? आणि गुण आला नाही अशी जनावरे किती?" शेवटच्या प्रश्नाला जो सरळ उत्तर देतो, त्याच्या बोलण्याला वजन द्यावे.

पाचवा प्रश्न : तोटा कोणाचा, आणि तो कधी कळेल?

गुण पाहताना तोटा पाहायचा राहून जातो. कारण गुण चार दिवसांत दिसतो, तोटा चार वर्षांनीही दिसतो, आणि कधी कधी भलत्याच्याच दारात दिसतो.

गिधाडांची गोष्ट आपल्या देशातलीच आहे. डायक्लोफिनॅक हे ताप, सूज, दुखणे यांवरचे औषध गुरांना सर्रास दिले जाऊ लागले. गुरांना आराम पडत होता. तो खोटा नव्हता. पण १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे मोजणीत ९९.९ टक्क्यांनी घटली. रोगाचा संशय आला, विषाचा आला. अखेर पाकिस्तानातील पंजाबात तपास झाला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेली २५ गिधाडे तपासली, २५ च्या २५ मध्ये डायक्लोफिनॅकचा अंश सापडला. इतर कारणांनी मेलेली १३ तपासली, एकातही नाही. एवढ्यावर न थांबता, औषध दिलेल्या जनावराचे मांस गिधाडांना खाऊ घालून पाहिले, तेव्हा ती तशाच रीतीने मेली. संशय, मग तुलना, मग प्रत्यक्ष प्रयोग, असा पायरीपायरीने पुरावा भक्कम होत गेला. भारतात २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून पुढे आले. पण गेलेली गिधाडे बंदीने लगेच परत येत नाहीत.

तेव्हा औषध घेताना विचारा : गाभण जनावराला चालते काय? दूध किती दिवस काढून टाकायचे? जनावर मेले तर त्याच्या शवाचे काय करायचे? आणि आणखी एक तोटा, जो बाटलीवर लिहिलेला नसतो : हे देत बसल्याने खऱ्या उपचाराला उशीर होईल काय? आबांचे चार दिवस अशानेच गेले.

पुराव्याच्या पायऱ्या

वर सांगितलेले सर्व एका शिडीवर मांडता येते. खालची पायरी कच्ची, वरची पक्की.

१. जाहिरात, ऐकीव गोष्ट, मोबाईलवर फिरत आलेला निरोप. ही जमीनच समजा, पायरी नव्हे.

२. काचेच्या नळीतला किंवा बशीतला प्रयोग. बशीत गोचीड मेली म्हणजे गाईच्या अंगावरची मरेल आणि गाय सुखरूप राहील असे नव्हे. पण ही सुरुवात असते.

३. एक-दोन जनावरांचा अनुभव, मग तो जाणत्या माणसाचा का असेना. लक्ष देण्याजोगा, पण निकाल देण्याजोगा नव्हे.

४. पुष्कळ जनावरांची नोंद, पण तुलना गट नाही. माझी पावडर याच पायरीवर होती.

५. तुलना आहे, पण वाटणी आपसूक झालेली. येथे पेंड आणि फरशी आठवा.

६. चिठ्ठीने वाटणी, खोटे औषध, मोजणाऱ्याला माहिती नाही, जनावरे पुरेशी. ही पक्की पायरी.

७. असे अनेक प्रयोग एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष. ही सर्वांत वरची.

झाडपाल्याला हीच शिडी, कंपनीच्या बाटलीलाही हीच. आजीचा बटवा जुना म्हणून खरा ठरत नाही आणि बाटली महाग म्हणूनही खरी ठरत नाही.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पुरावा कच्चा म्हणजे औषध खोटे असे नव्हे. ते अजून तपासलेले नाही, एवढेच. जनावरांच्या कित्येक रोगांवर वरच्या पायरीचे प्रयोग झालेलेच नाहीत, कारण त्यांना पैसा आणि वेळ लागतो. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनाही पुष्कळदा मधल्या पायरीवर उभे राहूनच निर्णय घ्यावा लागतो. ते तपासणी करतात, शिक्षण आणि अनुभव लावतात. त्यांना अडवण्यासाठी हे प्रश्न नाहीत. त्यांना जरूर विचारा, पण समजून घेण्यासाठी.

दुसरी गोष्ट, जेवढा खर्च व धोका मोठा, तेवढा पुरावा पक्का मागा. पायाच्या किरकोळ खरचटण्यावर घरचा लेप लावला तर फारसे बिघडत नाही. पण जीवघेण्या रोगात, महागड्या औषधात किंवा दूध-मांसात अंश राहणाऱ्या औषधात चौथ्या पायरीवर समाधान मानू नका.

स्वतः करून पाहा, पण कशात?

पशुखाद्य, खनिज मिश्रण, दूधवाढीची पावडर, वजनवाढीचे टॉनिक यांची पारख तुम्ही घरी करू शकता. रीत अशी :

एकाच वयाच्या, एकाच आहारावरच्या निदान दहा-बारा शेळ्या किंवा करडे घ्या. एकट्याकडे नसतील तर बचत गटातील चार घरांनी मिळून करा, मात्र प्रत्येक घरात दोन्ही प्रकारची जनावरे ठेवा. काय मोजायचे आणि किती दिवसांनी, ते आधीच वहीत लिहा. चिठ्ठ्या टाकून निम्मी निवडा. बाकी सर्व सारखे ठेवा. वजन करणारा माणूस असा घ्या की ज्याला कोणाला काय दिले हे ठाऊक नाही. शेवटी वाढ आणि खर्च दोन्ही मांडा. दहा-बारा जनावरांतून निकाल पक्का होत नाही, पण पैसे वाया जातात की नाही याचा अंदाज येतो. पाच गावांनी असे केले आणि निकाल जुळले, तर त्याला चांगलेच वजन येते.

आजारी जनावरावर मात्र असा प्रयोग मुळीच करू नये. तसेच घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत, लम्पी यांच्या लसी "न टोचता काय होते ते पाहू" म्हणून सोडू नयेत. त्या लसींची पारख जाणत्यांनी आधीच केलेली आहे. बुळकांडी आठवते? गोठेच्या गोठे ओस पाडणारा तो रोग. तपासून पक्क्या ठरलेल्या लसी गावोगाव टोचल्या गेल्या. भारतात १९९५ नंतर त्याचा उद्रेक झाला नाही आणि २०११ मध्ये तो साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आपल्या मुलांनी बुळकांडी पाहिलेली नाही, ही पक्क्या पुराव्याची कमाई आहे. संशय घेणे हा या पत्रकाचा हेतू नाही. विश्वास योग्य जागी ठेवावा, हा हेतू आहे.

थोडक्यात

१. तुलनेची, औषध न दिलेली जनावरे कुठे आहेत?
२. वाटणी चिठ्ठीने की मर्जीने?
३. मोजणाऱ्याला माहीत होते काय, आणि मोजले काय?
४. जनावरे किती, पुन्हा दुसऱ्या कोणी करून पाहिले काय, गुण न आलेली किती?
५. तोटा काय, आणि उपचाराला उशीर होईल काय?

हे पाच प्रश्न गोठ्याच्या भिंतीवर लावून ठेवा. जनावर आजारी पडले तर मात्र प्रश्न मोजत बसू नका. आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा.

जाता जाता आबांचे सांगतो. गेल्या वर्षी आमच्या गावात दूधवाढीचे टॉनिक घेऊन एक विक्रेता आला. त्याने पंधरा गाईंचे फोटो दाखवले. आबा खाटेवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "फोटो छान आहेत. पण ज्यांना दिलं नाही त्या गाई दाखव की बाबा." विक्रेत्याकडे तशा गाई नव्हत्या. आबांनी बाटली घेतली नाही, आणि माझ्याकडे पाहून हसले. हा प्रश्न २०२२ मध्ये मी विचारायला हवा होता.